बर्गी आणि बारगीर : गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराणा’चे एक मराठी वाचन

बंगालमध्ये बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला एक शब्द सहसा पहिल्या वर्षातच भेटतो. तो कचेरीत भेटत नाही. कचेरीतील सहकारी सभ्य असतात. महाराष्ट्राचा विषय निघाला की ते शिवाजीमहाराजांविषयी, टिळकांविषयी आदराने बोलतात. हा शब्द भेटतो शेजारच्या घरात, मूल निजवण्याच्या वेळी. आमच्या वसाहतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माशीमा दुपारी आमच्या मुलीला मांडीवर घेऊन थोपटीत असत. तीन-साडेतीन वर्षांची ती पोर त्यांचे अंगाईगीत शिकली, आणि एके रात्री अंथरुणावर तिने मला विचारले, “बाबा, बर्गी म्हणजे कोण?” ही गोष्ट माशीमांच्या कानावर गेली तेव्हा त्या फार संकोचल्या. म्हणाल्या, “काही मनात आणू नका हं. लहानपणापासून म्हणत आलो आहोत; म्हणताना तुम्ही मराठी आहात याची आठवणसुद्धा होत नाही.”

हे गाणे बंगालमध्ये ज्याला ठाऊक नाही असा माणूस विरळा. त्यात गोष्टी फार नाहीत : निजलेले मूल, शांत झालेली आळी, देशात शिरलेले बर्गी, पाखरांनी फस्त केलेले धान्य आणि भागवता न येणारा सारा. त्यात तलवार नाही, रक्त नाही. आहे ती सरकारी देण्याची काळजी. शाळेत आपण ‘चौथाई’ हा शब्द हक्कांच्या सदरात पाठ केला. घेणाऱ्याच्या वहीत जे जमेच्या बाजूला लिहिले होते, तेच देणाऱ्याच्या घरी पाळण्यात जाऊन बसले आहे. ‘बर्गी’ हा शब्दही आपल्याच घरचा. शिलेदार तो, ज्याचे घोडे व हत्यार स्वतःचे. आणि बारगीर तो, ज्याला ती सरकारातून मिळत. म्हणजे बारगीर हा फौजेतील सामान्य नोकरमाणूस. त्या नोकरमाणसाचे बंगालीत ‘बर्गी’ झाले, आणि पुढे तेच एका अख्ख्या समाजाचे नाव होऊन बसले.

या शब्दाशी गाठ पडल्यावर आपल्यापैकी बहुतेकांचा व्यवहार दोन प्रकारांचा होतो असे माझ्या पाहण्यात आहे. काहीजण तत्काळ वकीलपत्र घेतात : ते खरे मराठे नव्हतेच, लुटारू त्यांच्या नावावर फिरत होते, इंग्रजांनी सगळे फुगवून लिहिले. दुसरे काहीजण तितक्याच तत्परतेने मान खाली घालतात आणि विषय बदलतात. या दोन वृत्ती परस्परविरोधी दिसल्या तरी त्यांचा परिणाम एकच, आणि तो म्हणजे संभाषण संपते. ‘आम्ही’ आणि ‘ते’ या दोन खोल्यांमधले दार पहिला आपटून लावतो, दुसरा हळूच लोटून घेतो. एवढाच काय तो फरक. तिसरा मार्ग वाचनाचा आहे. ज्यांनी भोगले त्यांनी त्याच वेळी काय लिहून ठेवले ते स्वस्थपणे वाचणे, आणि वाचताना ते साहित्य म्हणून वाचणे. या दृष्टीने गंगाराम नावाच्या कवीचे ‘महाराष्ट्र पुराण’ हे छोटेखानी बंगाली काव्य मराठी वाचकाने अवश्य अभ्यासावे अशा योग्यतेचे आहे.

या काव्याचा उपलब्ध भाग म्हणजे ‘भास्कर-पराभव’ हे पहिले कांड. पोथीवर शके १६७२ आणि बंगाली सन ११५८, म्हणजे सुमारे १७५१, असा काळ दिला आहे. अलिवर्दीखान आणि नागपूरकर भोसले यांच्यात तह होऊन बंगालची चौथाई म्हणून सालिना बारा लाख रुपये ठरले ते हेच वर्ष. तेव्हा जखम अजून ओली असतानाच हे लिहिले गेले आहे. पोथी पूर्व बंगालातील मैमनसिंग भागात सापडली आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी बंगीय साहित्य परिषदेच्या पत्रिकेतून प्रसिद्ध झाली. १९६५ मध्ये एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्यावर बंगाली न जाणणाऱ्यांनाही ती सुलभ झाली. मूळ पयार छंद साधा आहे. भाषेला डौल नाही, अलंकार मोजकेच. गंगाराम हा भारतचंद्राच्या तोलाचा कवी नव्हे, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे.

तथापि या सामान्य कवीने आपल्या काव्याचा जो आराखडा बांधला आहे तो मोठ्या कवीलाही विचार करायला लावणारा आहे. काव्याचा आरंभ मराठ्यांपासून होत नाही. तो बंगालच्या पापापासून होतो. लोक धर्म विसरले, परनिंदेत आणि परस्त्रीत रमले, पृथ्वीला भार झाला, आणि ती ब्रह्मदेवाला घेऊन शिवाकडे गेली. शिवाने नंदीला आज्ञा केली की दक्षिणेत शाहू नावाचा राजा आहे, त्याच्या देहात जाऊन प्रवेश कर. मग शाहूला बंगालच्या चौथाईची आठवण होते; दिल्लीचा बादशहा कळवतो की तिथला नोकर धन्याला मारून सुभेदार झाला आहे, तो वसूल पाठवीत नाही, तुम्हीच जाऊन घ्या; आणि रघुजी भोसल्यांचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर, म्हणजेच बंगालचे भास्कर पंडित, फौज घेऊन निघतात. ही पुराणकाव्याची ठरीव चौकट आहे हे खरे. पण ठरीव चौकटीतही कवीने कोणते चित्र बसवले ते पाहिले पाहिजे. शत्रू हा कोणी जन्मजात राक्षस नाही. तो आपल्याच देवाने आपल्याच दोषासाठी पाठवलेला आहे. ज्यांची गावे जळली त्यांच्यातला एकजण आठ-नऊ वर्षांच्या आत असे लिहू शकला, ही गोष्ट लहान नाही.

यानंतर येतो तो पलायनाचा प्रसंग. काव्याचा सर्वांत जिवंत भाग हाच. गंगाराम भावनेचे वर्णन करीत बसत नाही; तो यादी करतो. ब्राह्मण पंडित पोथ्यांचे ओझे घेऊन पळतात, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळी घेऊन, कुंभार आपले चाक घेऊन. शंखाच्या बांगड्या करणारे पळतात, कायस्थ पळतात, गर्भार बायका पळतात, तलवारी टाकून क्षत्रिय आणि रजपूत पळतात. आणि शेख, सय्यद, मोगल, पठाण हेही पळतात. पुढे गावांच्या नावांची रांगच्या रांग लागते. अशा याद्या वाचण्याची सवय आम्हा कारकुनांना असते. परंतु या यादीतील प्रत्येक नोंदीच्या हातात तिचे हत्यार आहे, आणि त्या हत्याराने ज्याचे संरक्षण व्हावे असा एकही माणूस त्यात नाही. जातीजातींची आणि धर्माधर्मांची जी उतरंड एरवी गावात मोडत नव्हती, ती या रस्त्यावर मोडली. कवीने हे बोलून दाखवलेले नाही. त्याने सर्वांना फक्त एका रस्त्यावर आणून सोडले आहे.

याच प्रसंगात एक बारकावा आहे, आणि माझ्या मते साऱ्या काव्याचे मर्म त्यात आहे. वाटेत भेटणारे लोक या पळणाऱ्यांना विचारतात, बर्गी कुठे आहेत? आणि उत्तर येते की आम्ही डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. सगळे पळताहेत म्हणून आम्हीही पळतो आहोत. ‘ते’ कसे तयार होतात याचे इतके नेमके चित्र मी अन्यत्र क्वचितच वाचले आहे. न पाहिलेल्या माणसाची भीती एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि प्रत्येक हाताबरोबर वाढते. आधुनिक लेखक येथेच थांबला असता. भय हे अज्ञानातून जन्मते, एकमेकांना ओळखले की ते जाईल, असा सुबक निष्कर्ष काढून त्याने लेखणी खाली ठेवली असती. गंगाराम थांबत नाही. पुढच्याच ओळींत बर्गी खरोखरच येतात, उघड्या मैदानात लोकांना घेरतात, आणि त्यानंतर जे घडते ते वाचवत नाही. म्हणजे अफवाही खरी आणि अत्याचारही खरा. भीती आंधळी होती, म्हणून ती निराधार होती असे नव्हे. दोन समाजांच्या संवादाविषयी बोलताना ‘हा सगळा गैरसमजच होता’ असे म्हणण्याचा मोह आपल्याला फार होतो. हे काव्य तो मोह पहिल्याच झटक्याला मोडून काढते, आणि ते योग्यच करते.

इथे कोणी म्हणेल की ही एका कवीची अतिशयोक्ती आहे. पण बरद्वानच्या दरबारातील वाणेश्वर विद्यालंकार याच्या ‘चित्रचंपू’ या संस्कृत काव्यातही, आणि तेही १७४४ मधल्या, शाहूच्या फौजांविषयी गरोदर स्त्रिया व अर्भके यांच्या हत्येची तक्रार आहे. इंग्रजांना बंगालची दिवाणी मिळाली १७६५ मध्ये. तेव्हा हे सगळे त्यांनी फुगवले म्हणणाऱ्यांना या दोन साक्षी अडचणीच्या ठरतील. काव्यात भर असते. परंतु दोन भाषांतले दोन स्वतंत्र कवी एकच शोक करतात तेव्हा तो ऐकून घेतला पाहिजे.

आता उत्तरार्ध पाहू. १७४२ च्या शरदात भास्करपंतांनी काटव्याजवळ तळ दिला आणि दुर्गापूजा मांडली. गंगारामाने हा प्रसंग मन लावून सांगितला आहे. जमीनदारांना हुकूम सुटतात, सामग्री येते, मूर्ती घडते. दक्षिणेतला हा ब्राह्मण सेनापती बंगालच्या देवीची, बंगालच्या ऋतूत, बंगालच्या रीतीने पूजा करू पाहतो. यापेक्षा सांस्कृतिक मिलाफ तो कोणता, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. परंतु ती सामग्री हुकमाने आणवलेली आहे. पूजा पुरी होण्यापूर्वीच अलिवर्दीचा छापा येतो आणि सेनापतीला सारे टाकून निघावे लागते. पुढे भास्करपंत परत येतात ते सूडाच्या भरात. स्त्रिया, ब्राह्मण, वैष्णव, गाई कशाचाच विधिनिषेध राहत नाही. आणि मग देवी कोपते. ती आपल्या गणांना सांगते की आता भास्कराला प्रतिकूल व्हा आणि नबाबाला अनुकूल व्हा.

या कलाटणीचे महत्त्व आपण नीट ध्यानात घेतले पाहिजे. ज्याने तिची पूजा मांडली त्याला देवीने टाकले, आणि ज्याचा धर्मच वेगळा त्या नबाबाला तिने हात दिला. गंगारामाला धर्माच्या नावाने दोन पक्ष पाडता आले असते. त्याला ते सुचले नाही, किंवा सुचूनही त्याने ते केले नाही. त्याचा नबाबही निर्मळ नाही. धन्याला मारून तो गादीवर बसला हे बादशहाच्या तोंडून आधीच सांगून झाले आहे, आणि ३१ मार्च १७४४ रोजी मनकऱ्याच्या डेऱ्यात शपथांवर विश्वासून आलेल्या भास्करपंतांना ठार मारले गेले, ते कपटही कवीने लपवलेले नाही. या काव्यात ‘आपण’ कोण आणि ‘ते’ कोण हे जन्माने ठरत नाही, भाषेने ठरत नाही, पूजेनेही ठरत नाही. ते वागणुकीने ठरते, आणि वागणूक बदलली की देवीचा कौलही बदलतो. शिवाने पाठवलेला दंडधारी देवीच्या लेखी अपराधी ठरतो, आणि हे दोन्ही निवाडे एकाच काव्यात शेजारी नांदतात.

भारतचंद्राच्या ‘अन्नदामंगला’शी (१७५२) तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. तिथेही बर्गी शिवाच्या योजनेनेच येतात. पण कारण निराळे आहे. नबाबाच्या फौजेने भुवनेश्वरच्या देवस्थानाची आगळीक केली म्हणून नंदी खवळला, असे भारतचंद्र सांगतो. म्हणजे त्याने प्रारंभ परक्याच्या दोषापासून केला, गंगारामाने स्वकीयांच्या. शब्दकळेत, नादात, विनोदात भारतचंद्र कितीतरी वरचढ आहे. आणि एकदा लागलेली आग देवाचे घर कोणते नि चोराचे कोणते हे पाहत नाही, हे त्यालाही कळले होते. पण नैतिक धैर्याच्या पारड्यात मी गंगारामाचे वजन जास्त मानतो.

गंगारामाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. त्याचे मराठे बोलतात ते बहुधा मागण्यासाठी किंवा मारण्यासाठी. ज्याच्या पोटासाठी हे घोडे बंगालपर्यंत दौडले तो साताऱ्या-नागपुराकडचा कुणबी बारगीर त्याला दिसत नाही. दिसावा अशी अपेक्षाही अन्याय्य ठरेल. शिवाय मराठे म्हणजे एक गठ्ठा नव्हता. १७४३ मध्ये रघुजी भोसले एका बाजूने बंगालवर चालून आले, आणि दुसऱ्या बाजूने खुद्द पेशवे बाळाजी बाजीराव आले ते रघुजींना घालवून देण्यासाठी. अलिवर्दीने त्यांना या कामाबद्दल बावीस लाख रुपये दिले. त्या वर्षी बंगालच्या शेतकऱ्याने एका मराठ्याला लुटीत आणि दुसऱ्याला संरक्षणाच्या खर्चात पैसे मोजले. आपण ज्याला अभिमानाने ‘आम्ही’ म्हणतो तो ‘आम्ही’ त्या वेळी कुठे होता, हा प्रश्न मराठी वाचकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

आता पुढच्या काळाकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी या दोन प्रांतांना जवळ आणण्याचा मोठा प्रयत्न झाला. देवघर परिसरात १८६९ मध्ये जन्मलेले सखाराम गणेश देउस्कर हे घराण्याने मराठी, लेखणीने बंगाली. त्यांचे ‘देशेर कथा’ (१९०४) हे पुस्तक इतके प्रभावी ठरले की सरकारने ते १९१० मध्ये जप्त केले. कोलकात्यातील शिवाजी उत्सवामागेही तेच होते; आणि त्यांच्याच ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता लिहिली. तिचे आवाहन उदात्त आहे. शिवाजीमहाराजांना लुटारू ठरवणाऱ्या परक्या इतिहासकारांचा ती निषेध करते आणि बंगाली माणसाला मराठी माणसाच्या सुरात सूर मिसळायला सांगते. मराठी वाचकाला ती वाचून भरून येते, मलाही आले. परंतु टीकाकाराच्या नात्याने एक उणीव नोंदवणे प्राप्त आहे. बर्गींच्या दशकाविषयी ती मौन पाळते. १७४२ ते १७५१ हा काळ ती ओलांडून जाते. त्या ओलांडण्यामागचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण ज्या आठवणीला कवितेत जागा मिळाली नाही ती पाळण्यात राहिलीच. आणखी असे की, ‘ते’ची जागा त्या वेळी फक्त बदलली गेली. इंग्रज हा समान परका मिळाला म्हणून मराठी-बंगाली एक झाले. पण १९०६ च्या उत्सवात, टिळक स्वतः उपस्थित असताना, भवानीची पूजा मांडली गेली तेव्हा बंगालमधील मुसलमान आणि ब्राह्म शेजारी बाहेर राहिले. तिसऱ्याला वगळून झालेला मिलाफ कितीही भव्य असला तरी अपुराच असतो. देवीने नबाबाला हात दिला ही गंगारामाची गोष्ट त्या मांडवात कोणाला आठवली असती तर बरे झाले असते.

संवादाचा खरा नमुना मला यापेक्षा कमी भव्य ठिकाणी सापडतो. जदुनाथ सरकार आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांचा पत्रव्यवहार जवळजवळ अर्धशतक चालला. सरकारांच्या १९१९ च्या शिवचरित्राने महाराष्ट्रात संताप झाला. पुढे पेशवे दप्तराच्या निवडीचे काम त्यांच्या शिफारशीने सरदेसायांकडे आले तेव्हा पुण्याच्या संशोधकांत नाराजी होती. तरी पत्रे थांबली नाहीत. सरदेसायांनी दप्तरातून पंचेचाळीस खंड काढले. सरकारांनी मराठी शिकून मराठी कागद वाचले आणि अलिवर्दीच्या काळाचा इतिहास लिहिताना ते वापरले. दोघांची मते सर्वत्र जुळली असे मुळीच नाही. त्यांनी एकमेकांना पटवले थोडे आणि पुरवले पुष्कळ : कागद, तारखा, नावे, दुरुस्त्या. उत्सवातील एकमुखी घोषापेक्षा ही तारखांची देवघेव मला अधिक टिकाऊ वाटते. दुसऱ्याची तक्रार मान्य करण्यापूर्वी ती त्याच्या भाषेत वाचण्याचे कष्ट तिच्यात आहेत.

माशीमांचे ते वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. म्हणताना तुम्ही मराठी आहात याची आठवण होत नाही, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात गाण्यातला बर्गी आणि वरच्या मजल्यावरचा मराठी शेजारी ही दोन वेगळी माणसे आहेत. हे औदार्य आहे. पण त्यात थोडा धोकाही आहे, कारण ही दोन माणसे एकमेकांना भेटलीच नाहीत तर उद्या कोणीतरी तिसरा त्यांची भलतीच ओळख करून देईल. मुलीला मी सांगितले की बर्गी म्हणजे आपल्याकडचे घोडेस्वार, ते पूर्वी येथे आले होते आणि त्यांनी येथल्या लोकांना फार त्रास दिला. तिने विचारले, “मग आपण?” मी म्हटले, आपण रेल्वेने आलो. ती हसली आणि निजली. उत्तर पुरे नव्हते हे मला ठाऊक आहे.

परगावी असलेल्या आपल्या मराठी मंडळांतून कोजागिरी होते, गणेशोत्सव होतो, नाटके होतात, आणि शेजाऱ्यांना प्रसादाला बोलावणे जाते. यात एका संध्याकाळची भर घालावी असे मला सुचवावेसे वाटते. गंगारामाच्या काव्यातला काटव्याचा भाग आपल्यापैकी कोणी मराठीत वाचून दाखवावा, आणि मनकऱ्याच्या डेऱ्यातला भाग कोणा बंगाली शेजाऱ्याने बंगालीत. ज्याने त्याने दुसऱ्याची जखम आपल्या तोंडाने वाचावी. भाष्य कोणी करू नये. चहाच्या वेळी काय बोलणे निघेल ते निघो.